आधी प्रश्न, मग नाव

प्रश्न विचारून झाला की मॅडम पेन्सिलीला टोक करायला घ्यायच्या. टेबलावर स्टीलची एक बशी असायची, तिच्यात सालं पडायची. त्या पेन्सिलीने त्यांनी कधी काही लिहिल्याचं मी पाहिलं नाही. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये पेन्सिलीचं काम काय, हे विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती नव्हती. किर्र, किर्र आवाज यायचा आणि आम्ही सगळे, चांगली पोरंबाळं असलेली माणसं, माना खाली घालून बसायचो. कुणाचं नाव येणार ते अजून ठरलेलं नसायचं. निदान आम्हाला तरी माहीत नसायचं.

इतर शिक्षक आधी नाव घेतात आणि मग प्रश्न विचारतात. त्यात एक माणुसकी असते. ज्याचं नाव आलं तो अडकला, बाकीचे खिडकीबाहेर बघायला मोकळे. मॅडमची रीत उलटी होती. आधी प्रश्न, मग ती शांतता, आणि मग नाव. मधल्या वेळात प्रश्न प्रत्येकाच्या मानेवर बसलेला असायचा. पेन्सिलीचं टोक तुटावं अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करायचो. पण टोक तुटलं की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायच्या, म्हणजे शांतता आणखी लांबायची. तेव्हा तीही सोय नव्हती.

क्लास नारायण पेठेत होता, एका बाइंडिंगच्या दुकानाच्या वर. जिना इतका अरुंद की वरून कुणी उतरत असलं तर चढणाऱ्याने खालीच थांबायचं. दारावर पाटी होती: ‘चपला बाहेर काढाव्यात. प्रश्न आत आणावेत. हजेरी घेतली जात नाही, परंतु लक्षात राहते.’ पुण्यात पाट्यांना घाबरायचं नसतं हे मला तोवर कळलं होतं. पण या पाटीला मी घाबरलो, कारण तिसरं वाक्य खरं होतं. पहिल्या दिवशी आम्ही एकेकदा आपापलं नाव सांगितलं, आणि त्यानंतर मॅडम एकदाही चुकल्या नाहीत. नाव, आडनाव, सगळं. चार महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाचंही नाव त्यांना पाठ असायचं.

वर्ग सकाळी साडेसहाला भरायचा. विद्यार्थी सगळे नोकरदार, नाहीतर संसारी. बँकेत असलेले जोगळेकर होते, कोथरूडहून यायचे. त्यांना सगळं आधीच ठाऊक असायचं. सुमनताई होत्या, ज्यांचा मुलगा अमेरिकेत गेला होता आणि ज्यांना त्याला ईमेल करायची होती. आणि मी होतो. मला काय करायचं होतं ते सांगायला हवं, कारण त्याच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. मला नोकरी टिकवायची होती.

भोसरीच्या एका कारखान्यात मी स्टोअर्समध्ये होतो. येणारा माल मोजून घ्यायचा, जाणारा लिहून द्यायचा, असं अर्धं आयुष्य गेलं होतं. मग कंपनीत परदेशी भागीदार आला. गेटवरचा बोर्ड बदलला, कँटीनमध्ये ताटाऐवजी खाचांचे ट्रे आले, आणि एका सकाळी साहेबांनी आम्हाला बोलावून सांगितलं की स्टोअर्सचं सगळं काम आता कॉम्प्युटरवर जाणार. दिवाळीनंतर चाचणी होईल. ज्यांना जमेल ते राहतील. बाकीच्यांसाठी स्वेच्छानिवृत्तीची योजना आहे. स्वेच्छा त्यांची आणि निवृत्ती आमची, हे आम्ही बाहेर आल्यावर म्हणालो. आत कुणी काही म्हणालं नाही. साहेबांनी विचारलं, ‘समजलं ना सगळ्यांना?’ आम्ही एका सुरात म्हणालो, ‘हो सर.’

जाता जाता साहेब म्हणाले की चाचणी तोंडी असेल. त्या एका शब्दाने माझी झोप उडाली. लेखी असती तर मी रात्र रात्र पाठ करून कसं तरी निभावलं असतं. पण समोर माणूस बसून विचारणार, आणि मी तोंडाने उत्तर देणार, हे मला जमणारं नव्हतं. मला प्रश्नाची भीती वाटते. साधा कंडक्टर ‘कुठं जायचंय?’ म्हणाला तरी मला थांब्याचं नाव आठवत नाही. घरी आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणायची, ‘अहो, तुम्ही एवढे मोठे, तुम्हाला कोण खाणार आहे?’ खरंच आहे. पण भीतीला वय सांगून ती जात नाही.

आमच्या शेजाऱ्यांनी सांगितलं, ‘नारायण पेठेत एक बाई शिकवतात. उत्तम शिकवतात. पण जरा विक्षिप्त आहेत.’ मी म्हटलं, विक्षिप्त म्हणजे काय करतात? शेजारी म्हणाले, ‘शिकवत नाहीत. विचारतात.’ तेव्हाच मी माघारी फिरायला हवं होतं.

पहिल्या दिवशी वर्गात गेलो तर सगळे कॉम्प्युटर झाकलेले. पडद्याच्या फुलाफुलांच्या कापडाची झाकणं शिवून घेतली होती. मॅडम पन्नाशी उलटलेल्या, काटकुळ्या, सुती साडी, चष्म्याला दोरी, मनगटावर पुरुषी घड्याळ. आल्या, आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘माणूस ‘हो’ केव्हा म्हणतो?’

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. पेन्सिल किरकिरली. मग, ‘जोगळेकर.’

‘पटलं की म्हणतो,’ जोगळेकर म्हणाले. त्यांना हा प्रश्न अगदीच किरकोळ वाटला होता.

‘सुमनताई?’

‘लग्नात म्हणतो,’ सुमनताई म्हणाल्या, ‘आणि मग जन्मभर म्हणतो.’

सगळे हसले, मॅडमसुद्धा. मग माझं नाव आलं. मी उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो. छताकडे पाहिलं. ‘तिथे जळमटं आहेत, उत्तर नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘असू दे. ज्याला सापडेल त्याने सांगावं. घाई नाही.’ मग त्यांनी वर्गाचे नियम सांगितले. नुसतं ‘हो’ म्हणायचं नाही. ‘समजलं’ म्हणायचं नाही. ‘माहीत नाही’ म्हणायला हरकत नाही, पण काय माहीत नाही ते सांगायला लागेल. आणि आठवडाभर झाकणं काढायची नाहीत.

‘अहो, पण आम्ही कॉम्प्युटर शिकायला आलोय,’ जोगळेकर म्हणाले.

‘तो कुठे पळून जात नाही,’ मॅडम म्हणाल्या. ‘तुम्ही जाल.’

त्यांचे प्रश्न कसे असायचे याची एक गंमत होती. सुमनताईंनी एकदा पडद्यावरची फाइल पुसली आणि त्या खूश झाल्या. मॅडमनी विचारलं, ‘गेली कुठे?’ सुमनताई म्हणाल्या, ‘कुठे म्हणजे? गेली.’ मॅडम म्हणाल्या, ‘तुम्ही पोळ्या लाटता तेव्हा पीठ कुठे जातं?’ आणि पेन्सिल घेतली. त्या दिवशीचा सगळा तास फाइल कुठे गेली याच्यावर गेला. शेवटी उत्तर आमच्यातूनच निघालं, की फाइल जागच्या जागीच असते, फक्त यादीतलं तिचं नाव जातं, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. पुस्तकातून वाचलेलं मात्र चाचणीच्या दिवशी काहीच आठवलं नाही.

जोगळेकरांच्या डोक्यात एक युक्ती आली. त्यांचं निरीक्षण असं, की जो खाली बघतो त्याचं नाव येतं. तेव्हा आपण सगळ्यांनी वर बघायचं, चेहऱ्यावर तेज आणायचं. ठरलं. दुसऱ्या दिवशी प्रश्न आला आणि आम्ही सगळे मॅडमकडे हसऱ्या चेहऱ्याने बघत बसलो. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. ‘आज कुणाचं लग्न आहे का?’ त्या म्हणाल्या, आणि मग, ‘जोगळेकर, आपणच सांगा.’

हे असले किस्से मी कंपनीच्या बसमध्ये सांगायचो आणि लोक हसायचे. मीही हसायचो. पण खरं सांगायचं तर माझी हालत वाईट होती. आम्ही दांडेकर पुलाजवळ राहायचो. सकाळी अंधार असतानाच सायकल काढायची, क्लासला जायचं, तिथून स्वारगेटला येऊन कंपनीची बस पकडायची. आमची मुलगी तेव्हा तिसरीत होती. ती संध्याकाळी पेन्सिलीला टोक करायला बसली की माझ्या हातातला घास तिथेच थांबायचा. मंडळींनी हे पाहिलं आणि मुलीला टोकयंत्र घेऊन गॅलरीत बसायला सांगितलं. का ते तिला सांगितलं नाही, आणि मलाही सांगितलं नाही.

एकदा मॅडमनी विचारलं की कॉम्प्युटर बंद केल्यावर त्याच्या आतलं काय उरतं आणि काय जातं. नाव माझं आलं. मी उभा राहिलो, आणि इतकी वर्षं पुण्यात राहून पुण्यासारखं बोलायला शिकलेला मी, भीतीने थेट वर्ध्याकडच्या गावाला पोचलो. ‘मले... मले नाही माहीत,’ असं तोंडातून गेलं. जोगळेकर फिस्सकन हसले.

मॅडम त्यांच्याकडे वळल्या. ‘यांना काय माहीत नाही, ते आपल्याला माहीत आहे का?’

‘नाही.’

‘मग हसलात कशाला?’ मग त्या माझ्याकडे वळल्या. ‘माहीत नाही, हे चांगलं आहे. काय माहीत नाही?’

मला ते सांगता येईना. मला काहीच माहीत नव्हतं, आणि काहीच म्हणजे काय ते कुठून सुरू करायचं हे समजत नव्हतं. मॅडम थांबल्या. थांबायला त्यांना कधी कंटाळा यायचा नाही. त्यांच्याच तोंडून ऐकलेली गोष्ट आहे: स्वारगेटहून रिक्षाने येताना त्यांनी रिक्षावाल्याला काहीतरी विचारलं, त्याचं उत्तर येईपर्यंत थांबल्या, उत्तर आल्यावर त्यातलं पुढचं विचारलं. मंडईपाशी त्याने रिक्षा बाजूला घेतली आणि म्हणाला, ‘बाई, पैसे नका देऊ, पण उतरा.’ ‘मी नुसतं विचारलं हो,’ असं मॅडम आम्हाला फार आश्चर्याने सांगायच्या. मला त्या रिक्षावाल्याचं मन कळायचं. त्याला निदान उतरवता आलं.

दिवाळी जवळ आली तसे कंपनीत लोक हळू आवाजात बोलायला लागले. कुणी गावी जमीन बघून आलं, कुणी मेहुण्याच्या दुकानात बसायचं ठरवलं. आमच्याकडे ना जमीन ना मेहुणा. त्याच दिवसांत एका सकाळी मॅडमनी माझ्यासमोरच्या कॉम्प्युटरवर हात ठेवला आणि विचारलं, ‘हे यंत्र आल्यावर तुमची गरज कशाला?’

हा प्रश्न सगळ्यांना होता, पद्धतीप्रमाणे. पण मला वाटलं वर्गात मी एकटाच आहे. पेन्सिल सुरू झाली. तो आवाज डोक्यात भरला. साहेबांची खोली, ती योजना, मुलीची शाळा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. आणि मग माझं नाव आलं. मी उठलो, उत्तर द्यायला नाही, दाराकडे. चपला हातात घेऊन जिना उतरलो.

त्या दिवशी कंपनीची बसही मी सोडली. स्वारगेटच्या डेपोत एका बाकड्यावर बसून राहिलो. सांगलीची गाडी लागली, सोलापूरची लागली, लोक चढले, गेले. मला कुठे जायचं होतं असं नाही. पण तिथे मला कुणी काही विचारणार नव्हतं. चौकशीची खिडकीसुद्धा बंद होती.

दुसऱ्या दिवशी मी वर्ग भरायच्या आधीच गेलो. मॅडम झाकणांवरची धूळ झटकत होत्या.

‘मॅडम, एक विनंती होती.’

‘विनंती की प्रश्न?’

‘विनंती. मला वर्गात विचारू नका. मी सगळं ऐकतो, घरी जाऊन पाठ करतो. फक्त विचारू नका.’

काहीतरी लागेलसं बोलतील असं वाटलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला. ‘बरं,’ त्या म्हणाल्या. ‘नाही विचारणार.’

पहिले काही दिवस सुखाचे गेले. प्रश्न यायचा, पेन्सिल किरकिरायची, सगळ्यांच्या माना खाली जायच्या, आणि मी आरामात दाराजवळच्या खुर्चीत बसायचो. जोगळेकर माझ्याकडे हेव्याने बघायचे. रात्री मला झोप लागायला लागली. मंडळींना वाटलं आपला माणूस सुधारला.

मग एक दिवस असा प्रश्न आला की ज्याचं उत्तर मला येत होतं. स्टोअर्समधलाच होता म्हणा ना. माल आला पण पावती आली नाही तर काय करायचं असा काहीतरी. उत्तर माझ्या ओठांवर होतं. मी मान वर केली. मॅडमची नजर एका टोकापासून फिरत आली, जोगळेकरांवरून, सुमनताईंवरून, माझ्यापाशी आली आणि न थांबता पुढे सरकली. दाराच्या चौकटीवरून सरकावी तशी.

ती सरकलेली नजर माझ्या ओळखीची होती.

वर्ध्याकडच्या गावात आमच्या शाळेत गुरुजी होते. मारकुटे नव्हते. वाईट बोलायचे नाहीत. आमच्या आजोबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, घरातले देव गेले, पण शाळेत आमच्या वस्तीतल्या मुलांची जागा तीच राहिली, मागे, दाराजवळ. गुरुजी पाढे विचारायचे, नद्या विचारायचे, राजधान्या विचारायचे. नजर पुढच्या बाकांवरून फिरायची, आमच्यापर्यंत यायची आणि बाहेर अंगणात जायची. मला राजधान्या सगळ्या पाठ होत्या. सात वर्षं मी त्या तोंडात धरून बसलो होतो. त्या शाळेत मला कुणी एकही प्रश्न विचारला नाही. मग पुढे जो कुणी पहिला प्रश्न विचारील त्याची भीती वाटणार नाही तर काय होणार?

आणि आता तीच जागा मी स्वतःहून मागून घेतली होती. खुर्चीसुद्धा दाराजवळची. त्या दिवशी मला जी भीती वाटली ती पेन्सिलीच्या भीतीहून मोठी होती. वाटलं, कंपनीतही असंच होणार. कुणी काही विचारणार नाही, नजर वरून सरकेल, आणि मी बाहेर.

तास संपल्यावर मी थांबलो. ‘मॅडम, मला विचारा.’

‘आता कशाला?’

‘चाचणी जवळ आलीय.’

‘हे अर्धं उत्तर झालं.’

मग मी उरलेलं अर्धं सांगितलं. गुरुजी, दाराजवळची जागा, राजधान्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते लपवायचा मी प्रयत्न केला नाही. मॅडम म्हणाल्या, ‘विचारीन. पण आधी पाळी तुमची. मला एक प्रश्न विचारा. पुस्तकात उत्तर असलेला नको.’

टेबलावर पेन्सिल होती. का कुणास ठाऊक, मी ती उचलली. माझ्या हाताला काहीतरी हवं होतं. आणि विचारलं, ‘तुम्ही कधीच ‘समजलं का’ असं का विचारत नाही?’

मॅडमचा हात बशीकडे गेला. पेन्सिल तिथे नव्हती, माझ्याकडे होती. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच पाहत होतो. मी थांबलो. थांबायचं मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो.

‘पूर्वी मी एका कारखान्यात ट्रेनिंग विभागात शिकवायला होते,’ त्या म्हणाल्या. ‘नवी होते. पत्रे दाबून कापायचा एक नवीन प्रेस आला होता, तो कसा चालवायचा ते कामगारांना शिकवायचं होतं. तासभर शिकवलं. छान शिकवलं, असं मला वाटलं. शेवटी विचारलं, समजलं का? सगळे म्हणाले, हो. बाहेर साहेब उभे होते. त्यांनी मला विचारलं, सगळ्यांना समजलंय ना? मी म्हणाले, हो सर.’

खाली बाइंडिंगच्या दुकानाचं शटर उघडल्याचा आवाज आला.

‘दुसऱ्या दिवशी एकाची बोटं गेली. मागच्या रांगेत बसायचा, एवढंच मला ठाऊक होतं. त्याचं नाव मला त्याला दवाखान्यात न्यायला गाडी आली तेव्हा कळलं.’ त्यांनी बशी जरा सरकवली. ‘नंतर भेटायला गेले. विचारलं, समजलं नव्हतं तर हो का म्हणालात? तो म्हणाला, ‘सगळे म्हणाले ना, बाई.’’

मी पेन्सिल त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही. ‘निघा आता,’ त्या म्हणाल्या, ‘तुमची बस जाईल.’ मी जिना उतरत होतो तेव्हा वरून झाकणं झटकल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर त्यांनी मला सोडलं नाही. रोज विचारलं. भीती गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल. पण ती शांतता पूर्वी माझ्याविरुद्ध वाटायची, आता तिच्यात मॅडमही माझ्याबरोबर घाबरलेल्या असतात हे मला माहीत झालं होतं.

चाचणी हिंजवडीला होती. आमची नवी प्रणाली जिथे तयार झाली त्या ऑफिसात कंपनीच्या बसने आम्हाला नेलं. तेव्हा तिथे शेतं आणि काचेच्या इमारती एकमेकांना लागून होत्या. आत थंडी इतकी की आमच्यातल्या एकाने रुमाल कानाला बांधला. भिंतीवर चित्र पडत होतं आणि टाय लावलेला एक तरुण मुलगा भराभर दाखवत होता, इथे क्लिक करायचं, इथे एंट्री, हे ऑटोमॅटिक अपडेट होतं. मागे आमचे साहेब कागद घेऊन बसले होते. शिकवणं संपलं की एकेकाला विचारणार होते.

मुलाने शेवटचं चित्र दाखवलं आणि हसून म्हणाला, ‘क्लिअर ना? समजलं सगळ्यांना?’

‘हो सर,’ सगळे म्हणाले.

माझा ‘हो’ही घशापर्यंत आला होता. मला समजलं नव्हतं. मागे साहेब लिहीत होते. समजलं नाही म्हणणारा पहिला माणूस त्या योजनेत पहिला जाईल, हे कळायला काही फार अक्कल लागत नव्हती. घरची माणसं डोळ्यांपुढे आली. त्या खोलीत कुठेही पेन्सिल नव्हती, पण मला ती ऐकू येत होती.

‘नाही,’ मी म्हणालो.

सगळ्यांनी वळून पाहिलं. साहेबांचं पेन थांबलं. ‘काय नाही?’ मुलाने विचारलं.

काय माहीत नाही ते सांगायला लागतं, हा नियम होता. ‘माल आला की आधी तपासणीची नोंद करायची की आधी पावतीची? तुम्ही दोन्ही आधी म्हणालात.’ माझा आवाज मलाच परका वाटला.

मुलगा भिंतीकडे वळला, मागची दोन चित्रं पुन्हा लावली, आणि या वेळी सावकाश सांगितलं. आता समजलं. माझ्या मागून कानाला रुमाल बांधलेला माणूस हळूच म्हणाला, ‘मला पण नव्हतं समजलं.’ साहेबांनी काहीतरी लिहिलं. काय ते मला दिसलं नाही. मग एकेकाला बोलावून विचारलं, आणि माझी पाळी आली तेव्हा मला येत होतं तेवढं मी सांगितलं.

निकालापर्यंतचे दिवस कसे गेले ते सांगत नाही. मंडळींनीही काही विचारलं नाही. मग साहेबांनी बोलावलं आणि मला ठेवल्याचं सांगितलं. त्या ‘नाही’मुळे ठेवलं की ‘नाही’ म्हणूनसुद्धा ठेवलं, हे मला आजतागायत माहीत नाही. कानाला रुमाल बांधणारा गेला. ‘हो’ म्हणणाऱ्यांतले काही राहिले, काही गेले. आणि यंत्र आल्यावर माझी गरज कशाला, या प्रश्नाचंही उत्तर मला सापडलेलं नाही. तो अजून मला पडतो.

पेढे घेऊन नारायण पेठेत गेलो तेव्हा नवीन तुकडी भरलेली होती. सगळे अनोळखी. झाकणं काढलेली नव्हती, म्हणजे पहिलाच आठवडा असणार. मी चपला काढून दारात उभा राहिलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. माझं काय झालं ते त्यांनी विचारलं नाही. त्या वर्गाकडे वळल्या.

‘माणूस ‘हो’ केव्हा म्हणतो?’

पेन्सिल सुरू झाली. सगळ्या माना खाली गेल्या. समोरच्या माणसाच्या मानेवरचा घाम मला दिसत होता. मी त्या तुकडीत नव्हतो, माझी चाचणी झाली होती, माझी नोकरी वाचली होती, हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि तरी माझीही मान खाली गेली. पेन्सिल थांबली.

मॅडमनी माझं नाव घेतलं.

‘घाबरला की,’ मी म्हणालो.

मॅडमनी पेन्सिल बशीत ठेवली. ‘बसा,’ म्हणाल्या.

दाराजवळची खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडे वळलो तेवढ्यात मॅडमनी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून जमिनीवर ठेवली. मी पुढे जाऊन बसलो. आणि त्यांनी पुढचा प्रश्न विचारला.